छप्पर आणि नळ

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास लिहिणारे बहुधा आगगाडीपासून आरंभ करतात. गाडी आली, स्टेशने झाली, स्टेशनांभोवती बंगले आणि चाळी उठल्या, आणि साष्टीतली भातखाचरे पाहता पाहता शहर झाली. ही हकिगत खरी आहे. परंतु ती तिकीट काढून बाकावर बसणाऱ्याची हकिगत आहे. गावाकडून डोक्यावर बोचके घेऊन आलेल्या कुटुंबाच्या बाजूने पाहिले, तर उपनगरांचा इतिहास दोनच वस्तूंभोवती फिरतो : डोक्यावरचे छप्पर आणि पिण्याच्या पाण्याचा नळ. या दोन वस्तू एकमेकींना कशा बांधल्या गेल्या, त्या गाठीने किती संसार आवळले, आणि ती गाठ सैल करण्यासाठी कोणी काय केले, एवढाच आमचा विषय आहे.

प्रथम पाण्याचे पाहू. मुंबई बेटाची तहान विहिरी-तलावांनी भागेना, तेव्हा साष्टीच्या डोंगरात विहार तलाव बांधला गेला. तो १८६० साली पुरा झाला. त्यामागून १८७९ मध्ये तुळशी, आणि १८९२ मध्ये दूर शहापूरच्या बाजूचा तानसा. पवईचाही एक तलाव झाला, पण त्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे ठरले नाही. श्रोत्यांनी नकाशा डोळ्यांसमोर आणावा. विहार आणि तुळशी ही आपल्या उपनगरांच्या उशाशी आहेत. तानशाचे मोठे नळ मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या अंगाने जातात. परंतु हे पाणी बेटासाठी होते. वाटेवरच्या गावांनी विहिरीचे प्यावे आणि आपल्या शिवारातून जाणारा नळ पाहत राहावा. लहान मुलांनी त्या नळावर चढून बसावे, थोरांनी त्यावर कान ठेवून आतल्या पाण्याचा आवाज ऐकावा, असा तो सगळा संबंध.

१९५० साली मुंबईची हद्द वाढून अंधेरी-जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली; १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. कागदावर उपनगरे मुंबई झाली. त्याच सुमारास वैतरणेवरचे धरण पुरे झाले. ज्यांच्या नावाने आज त्याला मोडकसागर म्हणतात ते अभियंते नानासाहेब मोडक आपल्याच माणसांपैकी. पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज सात तलावांचे पाणी या शहराला येते. त्यांतले बहुतेक पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ तालुक्यांतून येते, आणि त्याच शहापूर-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, हे आता कोणाला नवीन राहिलेले नाही. ज्या घरातल्या बाईच्या डोक्यावर हंडा आहे तिच्या गावचे पाणी मुंबईला पोचते आणि मागोमाग तिचे कुटुंबही पोचते. फरक एवढाच, की पाण्यासाठी नळ आधीच टाकलेला असतो.

गाव सोडून कोण येते? ज्याला दोन वेळचे मिळते तो सहसा हलत नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, माण-खटाव, नगर या भागांतून माणसे निघाली. सरकारने रोजगार हमीची कामे काढली, तिच्यामुळे पुष्कळ जीव वाचले, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. तरीही भूमिहीनांचे लोंढे शहराकडे आलेच. त्यांत दलित कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांच्या बाबतीत गावचे पाणी आटण्यापूर्वीही त्यांचे नव्हते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते ज्या कारणासाठी, ते कारण गावोगावच्या आडावर पुढे कित्येक वर्षे टिकून होते. अशा कुटुंबाला शहरातला सार्वजनिक नळ, जिथे जात न विचारता नंबर लागतो, हीच पहिली मोठी गोष्ट वाटली असेल. पण नळाला जात लागली नाही तरी कागद लागतो, हे त्याला पुढे कळले.

अशा कुटुंबांच्या हकिगती लिहून कोण ठेवणार? पोटासाठी धावणारा माणूस रोजनिशी ठेवत नाही. सुदैवाने एक दस्तऐवज आहे, आणि तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे. १९८१ च्या जुलैमध्ये, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथांवरच्या लोकांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचे जाहीर केले. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस, काही नागरिक-संघटना आणि खुद्द झोपडीवासी न्यायालयात गेले. निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. घटनापीठाचे प्रमुख होते यशवंतराव चंद्रचूड. आमचे शिक्षण रात्रशाळेतले. ते इंग्रजी निकालपत्र आम्ही कोश उशाशी ठेवून वाचले. कायद्याची कलमे समजायला वेळ लागला, पण त्यातली माणसे पहिल्याच वाचनात ओळखीची वाटली.

एक अर्जदार तामिळनाडूतल्या सेलमहून १९६१ साली आला. गावी भूमिहीन मजूर. अवर्षणाने काम गेले. त्याला दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यात रोज २३ रुपयांवर काम मिळाले. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या पदपथावर प्लास्टिक आणि कॅनव्हासचा आडोसा मिळावा म्हणून एका झोपडपट्टी-दादाने त्याच्याकडून २५०० रुपये उकळले. त्या आडोशात तो, बायको आणि तीन मुली. दुसरा अर्जदार आपल्या संगमनेरचा. चामड्याचे काम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा; गावातले घर पडले म्हणून १९६९ साली मुंबईला आला. बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपये. तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळवायला ३०० रुपये गुंडाला दिले, आणि बांबू व प्लास्टिकला ७०० रुपये लागले.

युनियनच्या माणसाला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. २३ रुपये रोजाने २५०० रुपये म्हणजे एकशेनऊ दिवसांची मजुरी. महिन्याला सव्वीस खाडे-विरहित दिवस धरले तर चार महिन्यांहून अधिक काळ पोटाला काहीही न खाता साठवलेला पैसा. संगमनेरच्या माणसाचे हजार रुपये म्हणजे जवळजवळ तीन पगार. हे लोक शहरावर फुकट राहतात असे जेव्हा सुशिक्षित मंडळी म्हणतात, तेव्हा आम्हांला हे दोन आकडे आठवतात. त्यांनी घराची किंमत मोजलेली आहे. पावती मात्र मिळालेली नाही. मालकाला भाडे दिले असते तर भाडेपावती मिळाली असती, तिच्यावर रेशनकार्ड, रेशनकार्डावर नळ. गुंडाला दिलेल्या पैशावर काहीच मिळत नाही.

त्याच खटल्यात विलेपार्ल्याजवळच्या कामराजनगरचे रहिवासी होते. द्रुतगती मार्गाच्या कडेने पाण्याचे नळ टाकणाऱ्या बांधकाम कंपनीने जे मजूर ठेवले, त्यांनी १९६०-६१ च्या सुमारास रस्त्याकडेला या झोपड्या घातल्या, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ज्यांनी पाण्याचे नळ टाकले, तेच रस्त्याला अडथळा ठरले. १९८१ च्या जुलैत त्यांना एस.टी.च्या गाड्यांत भरून मुंबईबाहेर नेले. त्या प्रवासात दोन मुले जन्मली आणि दोन दगावली, असे अर्जदारांचे म्हणणे निकालपत्रात नमूद आहे. आम्ही ते वाक्य एकदा वाचले आणि त्या दिवशी पुढे वाचले नाही.

न्यायालयाने काय दिले? उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व दिले, आणि ते मोठे आहे. झोपड्या हटवण्याचा अधिकार मात्र महापालिकेकडे ठेवला. पावसाळा संपेपर्यंत हात लावू नये. १९७६ च्या गणतीत ज्यांची नोंद आहे त्यांना मालवणीला किंवा सोयीच्या अन्य ठिकाणी जागा द्यावी. वीस वर्षे वा अधिक काळ असलेल्या आणि सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याशिवाय हटवू नयेत, आणि हटवल्याच तर पर्यायी जागा द्यावी. ज्यांच्याकडे गणतीचा कागद होता त्यांना हा निकाल आधार झाला. ज्यांच्याकडे नव्हता, ते पुन्हा कागदाच्या शोधाला लागले. योगायोग असा, की ग्रामीण गरिबांना घर देणारी इंदिरा आवास योजना त्याच १९८५ साली निघाली. गावात पडलेले घर त्या माणसाला उभे करून मिळाले असते तर तो संगमनेर सोडून आलाही नसता. पण तो आला १९६९ साली.

आता त्या १९७६ च्या गणतीकडे वळू, कारण गाठ तिथे पक्की झाली. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याने अशा वस्त्यांत पाणी, संडास, वाटा करून देण्याची तरतूद केली होती. त्याआधी सरकारचे धोरण मुख्यतः पाडण्याचे होते, तेव्हा हे पाऊल पुढचेच म्हटले पाहिजे. मग ४ जानेवारी १९७६ रोजी मुंबईभर झोपड्यांची एकदम गणती झाली आणि नोंदलेल्यांना फोटोपास देण्यात आले. भिंतीवर नंबर पडला, हातात पास आला. त्या दिवशी जो गावाला गेला होता तो राहून गेला. पुढे ही तारीख सरकत गेली : १९८०, १९८५, १९९५, २०००. प्रत्येक वेळी निवडणुकीच्या हवेत ती सरकली हे सांगायला इतिहासकार नको. पण तारखेच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे एकाच गल्लीत दोन प्रकारचे शेजारी तयार झाले, आणि १९९६ नंतर तारखेपलीकडच्यांना नळ देऊ नये असे सरकारी फर्मानच निघाले. घर बेकायदा, म्हणून घशाची तहानही बेकायदा, असा त्याचा सरळ अर्थ.

या सगळ्या काळात वेगळा रस्ता कोणी दाखवला काय? होय, आणि तो आपल्याच उपनगरात दाखवला गेला. गोरेगाव १९५७ साली मुंबईत आले खरे, पण नळाला पाणी आले नाही. १९६१ साली तिथून मृणाल गोरे महापालिकेत निवडून गेल्या. डॉक्टरीचे शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत आलेली बाई, पती केशव गोरे १९५८ साली गेलेले, पदरात मुलगी. त्यांनी सभागृहात पाण्याचा प्रश्न मांडला आणि बाहेर बायकांचे हंडा-मोर्चे नेले. रिकामा हंडा हे हत्यार म्हणून फार जुने नाही. ते धारदार केले ते या बायकांनी. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. १९७७ साली त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिराबाई हरल्या, तेव्हा पाणीवाली बाई दिल्लीत गेली आणि दिल्लीवाली बाई पाण्यात गेली, अशी घोषणा गल्लोगल्ली ऐकू येत होती.

मृणालताईंचे आम्हांला विशेष वाटते ते असे, की पाण्यापाशी त्या थांबल्या नाहीत. नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा १९७६ साली झाला होता. जादा जमीन सरकारने घ्यावी आणि गरिबांच्या घरांना द्यावी, हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात बहुतेक जमीन सवलतींच्या पळवाटांतून निसटत होती. मृणालताई, बाबूराव सामंत, पी. बी. सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नागरी निवारा परिषद उभी केली, आणि दिंडोशीची साठ एकरांवर जमीन त्या कायद्याखाली गरिबांच्या घरांसाठी मागितली. त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे, अर्ज, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर तिथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सहा हजारांवर घरे उभी राहिली. कायद्याच्या पुस्तकातले एक मेलेले कलम माणसांनी रेटून जिवंत केल्याचे यापेक्षा मोठे उदाहरण आम्हांला माहीत नाही. २००७ साली महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला. आता दुसरी दिंडोशी त्या वाटेने होणे नाही.

तरीही एक गोष्ट बोलली पाहिजे. दिंडोशीचे घर हप्त्याचे होते, आणि हप्त्याला दरमहाचा पगार लागतो. त्याआधी सरकारी गृहनिर्माण मंडळाने १९५२ च्या औद्योगिक घरबांधणी योजनेत विक्रोळीसारख्या ठिकाणी वसाहती बांधल्या, त्याही फॅक्टरी कायद्याखाली येणाऱ्या कामगारांसाठी. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, बदलीवाला, घरकाम करणारी बाई या दोहोंच्या बाहेर राहिली. त्यांच्या जवळ जाणारा प्रयोग त्या मानाने कांदिवलीच्या चारकोपला आणि बोरिवलीच्या गोराईला झाला. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या कर्जातून तिथे लहान लहान भूखंड आखले, त्यांना पाणी, गटार आणि रस्ता दिला, आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधावे असे ठरवले. आधी नळ, मग भिंत. ज्या कुटुंबाला आज पत्रा आणि पाच वर्षांनी स्लॅब परवडतो त्याला हा क्रम समजतो. त्यातले काही भूखंड वरच्या वर्गाच्या हाती गेले, ही तक्रार खोटी नाही. पण क्रम बरोबर होता.

आम्ही अंधेरी-साकीनाका पट्ट्यातल्या कारखान्यांत संघटनेच्या कामाला लागलो तेव्हा १९९० चे दशक नुकते उजाडले होते. त्याच वेळी, १९९१ च्या आरंभापासून, किमान घरभाडे भत्त्याचा राज्याचा कायदा लागू झाला : पगाराच्या पाच टक्के किंवा वीस रुपये, यांतले जे जास्त असेल ते. वीस रुपयांत घर! आम्ही गेट-मीटिंगला हा आकडा सांगायचो तेव्हा लोक हसत.

आमचा एक सभासद सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातून आलेला, घाटकोपरच्या डोंगरावर राहायचा. त्याच्या हजेरीपत्रकात लेट मार्क फार, म्हणून कंपनीने नोटीस दिली. चौकशीसाठी आम्ही त्याच्या घरी गेलो. डोंगरावर पाणी चढत नाही. खालच्या वस्तीत पहाटे तीनला नळ येई. तोही दुसऱ्याच्या नावावरचा, हंड्यामागे पैसे घेणारा. नवराबायको आळीपाळीने खेपा करीत, आणि शेवटची खेप आटोपून तो बस पकडेपर्यंत पाळी सुरू झालेली असे. थोरली मुलगी पहिल्या तासाला शाळेत कधीच नसे. आम्ही त्याच्या पत्नीला म्हणालो, “वहिनी, नोटिशीचे आम्ही बघतो.” तिने चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, “भाऊ, पगारवाढ आणलीत ती यांच्या हातात आली. तिच्यातली निम्मी त्या पाणीवाल्याच्या हातात जाते. तेवढं बघा.”

मग पाण्याचे काम हाती घेतले. आजूबाजूची घरे गोळा केली, कारण झोपडपट्टीत नळजोडणी एकेकट्याला मिळत नसे. गट करावा लागे, त्याला एक सचिव नेमावा लागे, बिल त्याच्या नावे येई. ज्याच्या घरात वही लिहिणारे कोणी आहे तो सचिव. आमच्या गटाची सचिव त्या सभासदाची मुलगीच झाली म्हणायचे, सही बापाची. १९९५ च्या मतदारयादीत ज्यांचे नाव होते त्यांचे उतारे काढले. ज्यांचे नव्हते त्यांना गटात घेता येईना. एका कचेरीत अर्ज दोनदा गहाळ झाला. तिसऱ्यांदा आम्ही पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हललो नाही. तीन पावसाळे गेले आणि नळ आला. तारखेपलीकडची जी दोन-तीन घरे होती त्यांना गटाने आपल्यातले पाणी दिले. हे नियमात बसत नव्हते. सगळ्या वस्तीला ते माहीत होते, आणि एकानेही तक्रार केली नाही.

त्या पाण्याच्या स्वच्छतेविषयी थोडे सांगतो, कारण शहरी श्रोत्यांचा यात एक गैरसमज असतो. भांडुपच्या केंद्रात पाणी शुद्ध होते ते सगळ्यांसाठी सारखेच. बिघडते ते वाटेत. आपल्या शहरात नळ दिवसाचे काही तासच येतो. बाकीच्या वेळी नळी रिकामी असते, आत दाब नसतो. आणि झोपडपट्टीत ती नळी बहुधा गटारातून किंवा गटाराला लागून गेलेली असते. कुठे सांधा ढिला असेल, गंजून भोक पडले असेल, तर रिकामी नळी बाहेरचे घाण पाणी आत ओढून घेते. पुन्हा पाणी सोडले की पहिले दोन हंडे तेच. ज्याला भरपूर मिळते तो पहिले पाणी ओतून देतो. माणशी ४५ लिटर हे झोपडपट्टीचे माप आणि १३५ लिटर हे इमारतीचे, असा महापालिकेचा हिशेब होता. ४५ लिटर म्हणजे मोठे तीन हंडे. त्यांतला पहिला कोण ओतून देणार? म्हणून पोरांना जुलाब आणि कावीळ.

गाठीवर खरा घाव बसला तो १५ डिसेंबर २०१४ रोजी. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती गडकरी यांनी सांगितले, की पाणी मिळण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि झोपडी २००० सालानंतरची आहे एवढ्या कारणाने तो नाकारता येणार नाही. कायदेशीर घरांइतके आणि त्याच दराने द्या असे न्यायालय म्हणाले नाही. दर जास्त लावण्याची मुभाही ठेवली. पण छपराचा कागद आणि पिण्याचे पाणी हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले. पाणी दिले म्हणून झोपडी कायदेशीर होत नाही, आणि झोपडी बेकायदा म्हणून माणूस तहानेने मारता येत नाही. हे सुटे करायला १९७६ पासून अडतीस वर्षे लागली. अंमल आणखी रेंगाळला : महापालिकेचे धोरण २०१७ च्या आरंभी ठरले, आणि ‘सर्वांसाठी पाणी’ या नावाने ते मे २०२२ मध्ये विस्तारले. रेल्वे, विमानतळ अशा केंद्राच्या जमिनींवरच्या वस्त्यांचा प्रश्न त्या-त्या खात्याच्या ना-हरकतीपाशी येऊन अडतच राहिला.

परंतु नळ आला म्हणून घर सुरक्षित होत नाही. उपनगरांत सपाट जमीन कधीच संपली. मागून येणाऱ्याला डोंगराचा उतार किंवा नाल्याचा काठ. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझादनगरावर डोंगर आला आणि सत्तरांच्या आसपास माणसे गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी साकीनाक्याच्या डोंगरउतारावरही तेच झाले. साकीनाक्याचे ते लोक आमच्या पट्ट्यातले. कोणाची पाळी सुटलेली, कोणाची लागायची.

डोंगरावरून हलवायचे तर कुठे, हा खरा प्रश्न. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वस्त्यांबाबत १९९५ साली याचिका झाली आणि १९९७ मध्ये त्या हटवण्याचा आदेश आला. पात्र ठरलेल्यांना आधी कल्याणच्या बाजूला जागा दाखवली. मालाडला कामाला जाणारी बाई कल्याणपलीकडून येणार कशी, हे विचारायला निवारा हक्क समितीची माणसे उभी राहिली, आणि पुढे चांदिवलीला संघर्षनगर झाले. नावातच इतिहास आहे. उलट उदाहरण माहुलचे. तानशाच्या त्याच मोठ्या नळांच्या कडेने राहणाऱ्या कुटुंबांना, नळांची सुरक्षितता म्हणून, न्यायालयाच्या आदेशाने हटवले आणि रिफायनऱ्यांच्या शेजारी माहुलला पक्क्या इमारतींत टाकले. तिथली हवा आरोग्याला बाधक असल्याचे हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले होते. लोक घराच्या किल्ल्या सोडून विद्याविहारला रस्त्यावर येऊन बसले. घर पक्के होते, दारात नळ होता, आणि माणसे खोकून आजारी पडत होती. २०१९ साली उच्च न्यायालयाने त्यांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे देण्यास सांगितले. वीस रुपयांच्या भत्त्यापासून इथवर आलो, तोही आकडा नोंदवून ठेवतो.

त्याच वर्षी, २ जुलैच्या रात्री, मालाडच्या कुरार भागात पिंपरीपाड्यावर भिंत कोसळली. ती भिंत महापालिकेच्या जलाशयाच्या टेकडीला घातलेली होती. वर शहराचे पाणी साठवलेले आणि खाली ज्यांना ते पुरेसे मिळत नाही अशी माणसे झोपलेली. एकतीस जण गेले. वनजमिनीवरून पुनर्वसन व्हायचे म्हणून वाट पाहणारी कुटुंबे त्या वस्तीत होती.

१८ जुलै २०२१ च्या पहाटे पाऊस असाच कोसळला. चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या डोंगराखाली घरे दबली, माणसे गेली. त्याच पावसाने भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी शिरले, यंत्रे बंद पडली, आणि मुंबईच्या मोठ्या भागाचे पाणी थांबले. पुरवठा सुरू झाला तेव्हा महापालिकेने सर्व नागरिकांना पाणी उकळून पिण्याचे आवाहन केले. आमच्या घाटकोपरच्या सभासदाची थोरली मुलगी आता स्वतःच्या संसाराची झाली आहे. ती ज्या इमारतीत धुण्याभांड्याचे काम करते तिथल्या बाईंनी तिला त्या सकाळी विचारले, की पाणी किती वेळ उकळायचे. तिने सांगितले, “खळखळून उकळी आली की आणखी पाच मिनिटं, मग झाकून गार करायचं, हात घालायचा नाही.”